मार्थाबाईंच्या जिभेचा उपास

मार्थाबाई साळवे वर्षातून एकदाच गोड बोलतात, आणि तेवढ्यानं आमची भूगावची अख्खी सोसायटी बिथरते.

एरवी त्यांचा आवाज म्हणजे विचारू नका. गेटाला लागून तळमजल्यावर त्यांचा फ्लॅट. संगमनेरकडे जन्मभर शाळेत शिकवलं, नवरा गेला, मुलगा कॅनडात. आता आम्हीच त्यांचा वर्ग. गाडी वाकडी लावली, लिफ्टचं दार उघडं टाकलं, की खिडकीतून तोफ सुटलीच. "प्रभू बघतोय, आणि मीही बघतेय!" प्रभूचं सोडा हो, तो दयाळू आहे असं ऐकून आहे. भीती बाईंची.

पण राखेच्या बुधवारी चर्चमधून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन त्या येतात, आणि तिथून ईस्टरपर्यंत कुणालाही रागावत नाहीत. ख्रिस्ती लोकांचा हा उपासाचा काळ. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. "मटण सोडून प्रभूवर काय उपकार करू? दात कुठायत मला?" बाई मला म्हणाल्या होत्या. "जे सोडवत नाही ते सोडायचं. मी ओरडणं सोडते."

मग काय, आमची चंगळ! गाड्या आडव्यातिडव्या, पोरं जिन्यात क्रिकेट खेळतायत, आणि बाई खिडकीत जपमाळ घेऊन, ओठ घट्ट मिटून बसलेल्या. एकदा तर कुणाचा तरी कुत्रा त्यांच्या जास्वंदीपाशी पाय वर करून उभा राहिला. बाईंचा चेहरा लालबुंद, मणी भराभर सरकतायत, पण तोंडातून शब्द नाही. मी मनातल्या मनात हात जोडले.

यंदा मात्र पंचाईत झाली. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ठकूबाई धनगरीण मेंढरं घेऊन उतरली होती. गेटाबाहेरच्या आमच्या नळावर ती मेंढरांना पाणी पाजायची. घाण होते म्हणून आमच्या सेक्रेटरींनी नळाला कुलूप घातलं. मार्चचं ऊन, आणि तिची दोन कोकरं नुकतीच जन्मलेली. ठकूबाई थेट मार्थाबाईंच्या दाराशी आली.

"बाई, तुमी बोला की त्येला. तुमास्नी समदी भित्यात. पान्याबिगर माजी कोकरं न्हाई जगायची."

आम्ही कान टवकारले. बाईंची एक आरोळी, की सेक्रेटरी किल्लीसकट हजर, हे सगळ्यांना ठाऊक. बाई उठल्या, वर सेक्रेटरींकडे गेल्या आणि त्यांच्याशी गोड बोलल्या. सवय नाही हो त्यांना! "मीटिंगमध्ये घेऊ," म्हणून त्या गृहस्थांनी दार लावून घेतलं.

बाई खाली आल्या, पदर खोचला, स्वतःच्या बाथरूममधून बादली भरली आणि गेटाबाहेर ठकूबाईच्या घमेल्यात ओतली. मग दुसरी. भर दुपारी, दुखऱ्या गुडघ्यांनी. मेंढरांची तहान काही संपेना, आणि बाई काही थांबेनात. मला वर बाल्कनीत उभं राहवेना. मी माझी बादली घेऊन उतरलो, माझ्यामागून आणखी दोघे-तिघे आले. शेवटी सेक्रेटरींच्या बायकोनंच किल्ली आणून नळ उघडला.

बाई आपल्या पायरीवर धापा टाकत बसल्या. मी म्हणालो, "बाई, एकदा ओरडला असतात तर काय बिघडलं असतं? देव रागावला नसता."

"तो कसला रागावतोय!" घाम पुसत त्या म्हणाल्या. "पण मग मी त्याला दिलं काय? अरे, मी ओरडते म्हणून तुम्ही माझ्या दाराशी थांबता, उलट बोलता, भांडता. दिवसाकाठी तेवढीच माणसं येतात माझ्या वाट्याला. या चाळीस दिवसांत कुणी थांबत नाही. माझ्याकडे द्यायला तेवढंच होतं रे."

आम्ही चंगळ करत होतो, आणि बाई इथे खरोखरच्या उपाशी होत्या. एवढं देणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं.

ठकूबाई एक कोकरू कवळून तिथंच उभी राहून ऐकत होती. ती येऊन बाईंच्या शेजारी पायरीवर टेकली.

"तुमचा उपास हाय न्हवं? मग तुमी गप ऱ्हावा," ती म्हणाली. "मी बोलते. माजी सून, काय सांगू बाई, लई आगाव हाय..."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि तिला नीट बसायला जागा व्हावी म्हणून थोड्या सरकल्या. ठकूबाई दिवस मावळेपर्यंत बोलत होती.