अब्बासभाईंची मेथी

अब्बासभाईंच्या खोलीतला एसी मेथीसाठी होता. दिवसभर दुसऱ्यांचे एसी दुरुस्त करून आलेला हा माणूस बहारीनच्या जूनमध्ये पॅसेजात घामाघूम झोपायचा, आणि आत खोलीभर पसरलेल्या प्लायवुडवरच्या ओल्या वाळूत मेथी गारव्याला तरारायची!

तिथल्या उम्म अल हस्सम वस्तीत ते आमच्या समोरच राहत. मूळचे रत्नागिरीकडचे, आणि नाद कलेचा. कला म्हणजे चित्रंबित्रं नव्हे हो! एकदा सदरा महिनाभर रोज समुद्राच्या पाण्यात बुडवून वाळवला. मिठाने कडक होऊन तो आपला आपण उभा राहिला. म्हटलं, "याचं करायचं काय?" तर म्हणाले, "दमट हवा सुटली की विरघळंल. तेच बघायचं." विरघळला, तो दारातल्या माझ्या बुटांवर.

मेथी मात्र प्रदर्शनासाठी होती. एका गॅलरीवाल्या बाईंनी शुक्रवारसाठी त्यांना कोपरा दिला होता. गुरुवारी त्यांची शिफ्ट हमद टाउनला, म्हणून किल्ली माझ्याकडे. "साहेब, पाणी तेवढं शिंपडा. बाकी काय नको."

आता तुम्हीच सांगा, वाळूतली कोवळी, बोटभर मेथी! चार वर्षांत दृष्टीस पडली नव्हती. कडेला एक झुबका वेगळा आला होता. म्हटलं, एवढ्याने काय होतंय? खुडला. बायकोला सांगितलं, बाजारात मिळाली. तिने लसणीची फोडणी दिली.

संध्याकाळी आम्ही जेवत होतो. समोरचं दार उघडलं. मी घास पटकन गिळला. आणि अब्बासभाई दारात.

"साहेब, तिचा हात कुठं गेला?"

"कोणाचा हात?"

त्यांनी वर्तमानपत्राचे चिकटवलेले कागद जमिनीवर पसरले. त्यावर झोपलेल्या मुलीची पेन्सिलीने काढलेली आकृती होती.

"शबाना. चार वर्षांची झाली. जन्मली तवापासनं सुट्टीच नाय मिळाली. बायको दर ईदला तिला कागदावर निजवते, भवती पेन्सिल फिरवते, पाठवते." एका पंज्यावर रेघ वाकडी गेली होती. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हितं गुदगुल्या झाल्या असतील. हलली."

बायकोने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून आत गेली. मी कबूल केलं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दुसरी पेरू या, भाई..."

"उद्यापर्यंत नाय उगवायची, साहेब." कागद गुंडाळून ते गेले.

शुक्रवारी माझी जायची छाती होत नव्हती. बायकोने ओढून नेलं. कोपऱ्यात गर्दी होती. जमिनीवर हिरवीगार पोर निजलेली. जिथली मेथी मी ओरबाडली होती, त्या उघड्या वाळूवर तळवा टेकून अब्बासभाई शेजारी बसले होते, इस्त्रीच्या कपड्यांत. गॅलरीवाल्या बाई सगळ्यांना सांगत होत्या, काय सुंदर कल्पना आहे!

दोन तास झाले तरी त्यांनी हात उचलला नाही. चहा आला. मी खाली बसलो आणि कप त्यांच्या तोंडाशी धरला.

"भाई, मुंग्या आल्या असतील. काढा ना थोडा वेळ."

"नको साहेब," ते म्हणाले. "पहिल्यांदाच धरलाय तिचा हात."