मेश्रामबाबांचं 'नाही'चं वर्ष

मला आज जी नोकरी आहे ती मेश्रामबाबांनी लावून दिली. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल, असला माणूस कोणाला नोकरी काय लावून देणार, उलट असलेली घालवेल. तुमचं काही चुकणार नाही. मुलाखतीला त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते तेव्हा मलाही तेच वाटत होतं.

बाबांचं असं आहे, की ते दर नव्या वर्षाला एक शब्द ठरवतात आणि वर्षभर त्या एका शब्दावर चालतात. बाकीची माणसं नव्या वर्षात पहाटे उठायचं ठरवतात आणि संक्रांतीचा तीळगूळ खाईपर्यंत विसरून जातात. बाबांचा तसा कारभार नाही. एक जानेवारीला सकाळी ते नोकरीतला पांढरा ड्रेस चढवतात. त्याची बटणं आता पोटावर लागत नाहीत, तिथं सेफ्टी पिना लावतात. मग फाटकात उभे राहून शिट्टी मारतात, हिरवी झेंडी हलवतात आणि शब्द जाहीर करतात. गल्लीतली माणसं चहाचे कप घेऊन ऐकायला ओट्यावर येतात. शब्द कळला की कोणी हसतं, कोणी कपाळाला हात लावतं, आणि वर्ष सुरू होतं.

"हे काहून करता बाबा?" मी पहिल्या वर्षी भीत भीत विचारलं होतं.

"तू मले सांग, वंदू," ते म्हणाले, "मालगाडी टेसनातून निघाच्या आंधी गार्डाच्या हातात काय देतेत?"

"डबा?"

"कॉशन ऑर्डर. पुढं कोनता पूल कच्चा हाय, कुठं काम चालू हाय, कुठं गाडी हळू करा. तो कागद हातात आल्याबिगर चाक हालत नाही. अन् तुम्ही लोक अख्खं वरीस हाकायले निघता, अन् हातात काय? तं कॅलेंडर."

बाबा मालगाडीचे गार्ड होते. मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरीत रायपूरला आले ते इथलेच झाले. शंकर नगरच्या मागच्या एका गल्लीत त्यांनी घर बांधलं. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, बायको वारली, आणि बाबा एकटे उरले. त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत माझी ताई आणि भाऊजी भाड्यानं राहत होते. भाऊजी सिलतऱ्याला एका कारखान्यात कामाला होते. ताईच्या बाळंतपणासाठी म्हणून मी आर्णीकडून आले आणि बाळ रांगायला लागलं तरी इथंच होते. माझी शाळा आठवीनंतर सुटली होती. हिंदी मला समजायची, पण बोलायला गेलं की घशात अडकायची. दुकानात गेले की मी वस्तूकडे बोट दाखवायची आणि हसायची. दुकानदार मला मुकी समजून जरा स्वस्त द्यायचा.

मी आले त्या वर्षी बाबांचा शब्द होता 'अर्धं'. अर्धा कप चहा, अर्धी पोळी, अर्ध्या वाटेपर्यंत फिरणं आणि परत. इथवर ठीक होतं. पण बाबा गोष्टीही अर्ध्याच सांगायचे. पहाटेचं धुकं, गाडी उतारावर, रुळावर म्हैस उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला, म्हैस ऐकून नाही राहिली, आणि एवढं बोलून बाबा उठायचे.

"मंग म्हशीचं काय झालं?" सगळे ओरडायचे.

"पुढच्या वर्षी."

समोरच्या घरातले वर्माजी तर फाटकापर्यंत मागे मागे यायचे. "बाबा, बस इतना बता दो, भैंस बची कि नहीं?" बाबा सांगायचे नाहीत. एक जानेवारीला आमच्या गल्लीत जी गर्दी झाली ती नव्या शब्दासाठी कमी आणि म्हशीसाठी जास्त होती. म्हैस वाचली होती. वर्माजींनी पेढे वाटले.

त्या दिवशी जो नवा शब्द निघाला, तो होता 'नाही'.

त्याला कारण होतं. इथले लोक 'हो'ला 'हव' म्हणतात. बाबा घरात अजून भंडाऱ्याचीच मराठी बोलतात, पण त्यांचं 'हो' मात्र पार छत्तीसगडी झालेलं. कोणी काही मागितलं की तोंडातून पहिलं 'हव'. शिडी द्या, हव. कुकर द्या, हव. बाबांच्या शिडीला रायपूरची जितकी घरं माहीत होती तितकी पोस्टमनलाही नसतील. घरी पाहुणा आला तर बाबांकडे खाट नसायची, ती दुसऱ्या कोणाच्या तरी पाहुण्याखाली असायची. एकदा मुलगी पुण्याहून आली, तिला जमिनीवर झोपावं लागलं. जाताना ती म्हणाली, "बाबा, एकदा तरी लोकांना नाही म्हणायला शिका." बाबांनी ते मनावर घेतलं आणि वर्षाच्या मापानं घेतलं.

नियम सोपा होता. काहीही विचारलं तरी पहिलं उत्तर 'नाही'. एकदा 'नाही' म्हटलं की मागाहून त्याला 'हो' जोडायचं नाही. बाकी गप्पा मारायला मनाई नव्हती.

पहिला दणका मुलीलाच बसला. तिनं फोन करून विचारलं, "बाबा, बरे आहात ना?" बाबा म्हणाले, "नाही." ती तिकडे रडायला लागली. शेवटी फोन मला घ्यावा लागला. दुसरा दणका भाजीवाल्याला.

"बाबा, भिंडी दूँ?"

"नाही."

"गोभी?"

"नाही."

असं करत त्याची सगळी गाडी नाकारून बाबा पिशवी घेऊन तिथंच उभे. पण भाजीवाला हुशार होता. आठवडाभरात त्यानं प्रश्नच उलटा केला. "बाबा, भिंडी नहीं चाहिए न?" "नाही," असं म्हणून बाबांनी पिशवी पुढे केली आणि त्यानं अर्धा किलो भेंडी तोलली.

मला मात्र ही युक्ती होळीला कळली. ताईनं पुरणपोळ्या केल्या आणि बाबांना जेवायला बोलावलं. ताई वाढायला वाकली. "पुरे का बाबा?" "नाही." ताईनं आणखी एक वाढली. "आता पुरे?" "नाही." पानात टाकायचं नाही ही त्यांची जुनी सवय, त्यामुळे बाबा खात गेले. त्यांच्या कपाळावर घाम आला, डोळे मोठे झाले, पण शब्द सोडेनात. ताई खूश. मला काही ते बघवेना. मी मध्येच म्हटलं, "बाबा, आता आणखी एक वाढू का?"

"नाही," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना रुळावरून ओढून काढलं होतं.

त्या दिवसापासून बाबांना प्रश्न विचारायचं काम गल्लीनं माझ्याकडे दिलं. बँकेचा माणूस आला, डॉक्टरकडे जायचं झालं, की मी बरोबर. आयुष्यात पहिल्यांदा मला एक गोष्ट दुसऱ्यापेक्षा चांगली येत होती.

पावसाळ्यात भाऊजींच्या कारखान्यातलं काम थांबलं. त्यांना रायगडला, म्हणजे इकडच्या रायगडला, दुसरं काम मिळालं. राहायला कारखान्याची एकच खोली. दसऱ्यानंतर जायचं ठरलं. त्यात मला जागा नव्हती. मी गावी जाणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. गावी आईनं माझ्यासाठी एक स्थळ पाहून ठेवलं होतं. मुलगा चांगला आहे, शेती आहे, असं सगळे सांगत. फक्त त्याचं वय कोणी सांगत नव्हतं.

तेवढ्यात गल्लीतल्या एका दीदीनं शहराबाहेर सरकारनं वसवलेल्या नवा रायपूरमधल्या एका पाळणाघराची खबर आणली. तिथल्या ऑफिसांत काम करणाऱ्या बायांची मुलं दिवसभर सांभाळायची, त्यांना खाऊ घालायचं. शिक्षणाची अट नाही. मी जाऊन आले. मॅडमना मी बरी वाटले. पण त्या म्हणाल्या, "तुम्हारे दीदी-जीजाजी तो जा रहे हैं। छोटे बच्चों का मामला है। यहाँ रायपुर में तुम्हारा अपना कोई हो, घर का, जो जिम्मेदारी ले, उसको लेकर आओ। सोमवार को।"

घरातलं कोणी नसेल तर नोकरी नाही, आणि नोकरी नसेल तर गाव. दोन रात्री मला झोप नव्हती. रायपुरात मला घरचा म्हणावा असा जाणता माणूस एकच होता आणि तो वर्षभर 'नाही' म्हणणार होता.

रविवारी मी बाबांपुढे उभी राहिले. सगळं सांगितलं आणि प्रश्न नीट जुळवून विचारला. "बाबा, उद्या तुम्ही घरीच राहान ना?"

"नाही," बाबा म्हणाले आणि बुटाला पॉलिश करायला बसले.

नवा रायपूरला जाणारी बस म्हणजे आली तर आली. आम्ही सकाळीच निघालो. तिथल्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर माणूस इतका लहान दिसतो, की माझी भीती आणखी वाढली. बाबांनी पांढरा ड्रेस घातला होता, पिना नव्या होत्या. मी वाटेत म्हटलं, "बाबा, मॅडमले तुमच्या शब्दाचं माहीत नाही. त्या सरळच विचारतीन."

"विचारू दे."

"मंग माझं काही खरं नाही."

"मालगाडीचा गार्ड शेवटच्या डब्यात बसते, पोट्टी. पुढं काय येऊन राहिलं ते त्याले कधी दिसत नाही. तरी पोचतेच ना गाडी."

मॅडमनी आम्हाला बसवलं. सुरुवात छान झाली.

"आपको इसके काम करने से कोई एतराज तो नहीं?"

"नहीं।"

"कोई झगड़ा, पुलिस का चक्कर?"

"नहीं।"

"बार-बार छुट्टी तो नहीं लेगी?"

"नहीं।"

माझ्या मनात आलं, ही बाई आपल्या भाजीवाल्याच्या हाताखाली शिकली की काय. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "मेहनती है?"

"नहीं," बाबा म्हणाले.

मॅडमचं पेन थांबलं. मी खुर्चीची कड घट्ट धरली.

"मेहनती तो बैल होता है, मैडम," बाबा शांतपणे म्हणाले. "ये ध्यान रखती है।"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "खाना बनाना आता है?"

"नहीं। बनाना तो सबको आता है। ये सामने वाले का पेट देखकर परोसती है।"

मॅडम हसल्या. मला वाटलं, सुटलो. पण त्यांनी पेन पुन्हा उचललं. "अच्छा, आप इसके रिश्तेदार हैं? देखिए, हम बाहर वालों की जिम्मेदारी पर नहीं रखते।"

आता बाबा काहीतरी काढतील म्हणून मी वाट पाहिली. पण इथं काढण्यासारखं काही नव्हतंच. शब्दाप्रमाणे उत्तर 'नाही', आणि खरं सांगायचं तरी 'नाही'. ते भंडाऱ्याचे मेश्राम, मी आर्णीची भोयर. गाव वेगळं, समाज वेगळा, नात्याचा कुठं धागासुद्धा नाही. आणि बाबा खोटं बोलत नाहीत, हे मला माहीत होतं. मी मनातल्या मनात गावाकडची बॅग भरायला लागले.

"हव," बाबा म्हणाले.

मॅडमनी कागदावर पाहिलं. "सरनेम तो अलग है। चाचा हैं कि मामा?"

"हव।"

"मतलब, कौन?"

"हव, मैडम," बाबा पुन्हा म्हणाले. नऊ महिने अडवून धरलेले सगळे 'हव' एकदम आले असावेत. मॅडमनी थोडा विचार केला आणि 'मामा' लिहिलं.

बाहेर येऊन आम्ही बसथांब्यावर बसलो. रस्ता दोन्हीकडे रिकामा. नोकरी लागली होती, पण मला आनंद करायची हिंमत होईना. बाबांचा शब्द कधी मोडला नव्हता. 'अर्धं'च्या वर्षात दाढ दुखली तेव्हासुद्धा अर्धंच औषध घेऊन आठवडाभर कण्हत बसलेला हा माणूस.

"बाबा, माझ्यामुळे तुमचा शब्द गेला," मी म्हटलं.

"गेला तं गेला."

त्यांनी पोटावरच्या दोन पिना काढून खिशात टाकल्या. मग म्हणाले, "भल्ला वंगाळ शब्द होता, वंदू. यंदा शिडी घरी हाय, खाट घरी हाय, कुकर झाकनासकट घरी हाय. पुण्याची पोट्टी फोनवर म्हणे, पाहा बाबा, कसं सगळं जागेवर हाय. हाय ना. पन शिडी न्यायले जो यायचा तो चहा पिऊन जायचा. कुकर परत आनायले बाई यायची ते सुनंचं गाऱ्हानं सांगून जायची. आता फाटक वाजत नाही. मले का समजत नव्हतं, लोक फुकटचं नेतेत? समजत होतं. म्हनूनच देत होतो."

मी म्हटलं, "बाबा, मागची एक खोली मी ठेवू का? भाडं देईन."

त्यांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं, की प्रश्न उलटा करून विचार. मी केला नाही. सरळच पुन्हा विचारला.

"हव," ते म्हणाले. एवढ्यात बस आली.

आता मी पाळणाघरात आहे. हिंदी बोलते, मुलांना रागावतेसुद्धा. बाबांचे उपकार कसे फेडायचे याचा विचार मी बसमध्ये रोज करते. पैसे दिले तर ते ठेवणार नाहीत, आणि दुसरं माझ्याकडे काही नाही. पण कधीतरी असा दिवस येईल, की दवाखान्यात नाहीतर कुठल्यातरी खिडकीवर कोणी बाबांकडे बघून विचारील, "इनके साथ घर का कौन है?" तेव्हा त्यांची मुलगी पुण्याहून येईतो मी पुढे होईन आणि सांगेन, मी आहे. भाची. त्या वर्षी त्यांचा शब्द काय वाटेल तो असो, आणि त्या शब्दापायी ते स्वतः मला ओळखत नाही म्हणाले तरी मी तिथून हलणार नाही.