सांता मोनिकेची अब्रू

आज देलफिन दाजींचं तोंड बंद होणार, याबद्दल कासियानोला तिळमात्र शंका नव्हती.

दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचे यजमान, मुक्काम कॅनडातलं विनिपेग. विमानातून उतरल्यापासून त्यांचं मनिलाशी भांडण सुरू होतं. रस्ते? विनिपेगचे बघा! पाणी? विनिपेगचं प्या! काल तर ताटातल्या भाताकडे बघूनही त्यांनी उसासा टाकला होता. पण विनिपेगात सांता मोनिका होती का? नव्हती! ती होती मनिलाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात, आणि ती होती कासियानोच्या घरची!

ख्रिस्ती संत मोनिकेची ही जुनी लाकडी मूर्ती. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात फुलांच्या रथावरून तिला लगुना प्रांतातल्या त्यांच्या गावात मिरवत. रथ ओढायचा घरातल्या पुरुषांनी आणि तिला कपडे घालायचे घरातल्या बायकांनी, तेही दार लावून. दोनदा पुराचं पाणी घरात शिरलं, तेव्हा सगळ्यांनी डोळे पुसले आणि मूर्ती देशाच्या हवाली केली. त्यानंतर तिची भेट आजच! कासियानोने खास लग्नातला, अननसाच्या धाग्याचा झिरझिरीत बारोंग सदरा चढवला होता. सेनाइदा आजीने तर ठेवणीतली शाल काढली होती.

"दाजी, आज तुम्ही नुसते बघत राहाल!"

"बघू," दाजी म्हणाले. "आमच्याकडच्या संग्रहालयात अख्खं जहाज उभं आहे."

पण पहिल्याच दालनातल्या भिंतभर चित्रासमोर दाजी थबकले. मान वर करून बघत राहिले. "हे आपल्या माणसाने काढलंय?" त्यांनी विचारलं, आणि कासियानोची छाती दोन इंच फुगली. "तुम्ही व्हा पुढे," दाजी म्हणाले, "आलोच मी."

कासियानो आजीला धरून संतांच्या दालनात शिरला. "ती बघ आजी, आपली सांता..."

कासियानोने डोळे चोळले.

चेहरा तोच. गालावरचा काचेचा अश्रू तोच. पण गळ्याखाली? कंबरेपर्यंत लाकूड आणि त्याखाली कोंबड्यांच्या खुराड्यासारख्या नुसत्या पट्ट्या! जन्मभर रथ ओढूनही कासियानोला हे ठाऊक नव्हतं. पुरुषांनी तिला कधी कपड्यांवाचून पाहिलंच नव्हतं! बाजूला काचेच्या कपाटात तिचा काळा मखमली झगा मात्र सोनेरी जरीसकट ऐटीत उभा होता.

"अगं बाई! उघडी?" आजी एवढ्या जोरात ओरडली, की शेजारचे दोन संतही दचकले असावेत. "कपडे तिथे, बाई इथे! आंघोळीला निघालीय का ती?"

"आजी, हळू! लोक बघताहेत..."

"तेच तर! लोक बघताहेत!"

आणि कुणाला काही कळायच्या आत आजी दोरीखालून पलीकडे गेली. शाल मूर्तीच्या खांद्यावर टाकली. शाल कंबरेपर्यंतच पुरली. आजी वळली.

"सदरा काढ!"

"इथे?"

"तिच्यापेक्षा तुझी अब्रू मोठी का रे?"

कासियानो देशाच्या वैभवापुढे गंजीफ्रॉकवर उभा राहिला. आजीने बारोंग उजेडात धरला. "मेल्या, यातून तर पलीकडची भिंत दिसते! असला सदरा घालून लग्न केलंस?" तरी तिने तो पट्ट्यांभोवती गुंडाळलाच.

पहारेकरी धावत आला. आधी त्याने रीतीप्रमाणे आजीचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतला आणि मगच दटावलं, "आजी, मूर्तीला हात लावायचा नाही!"

"सून म्हणून आले तेव्हापासून मी हिला नेसवतेय. तू कुठला कोण?"

इतक्यात जुन्या वस्तूंचं जतन करणारी मारिकित नावाची मुलगी आली. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "आजी, हा खांद्याचा सांधा बघा. हे मनगट बघा, अजून फिरतं. कपड्यांखालचं असं काम फार थोडं उरलंय. लोकांना ते दिसावं म्हणून हिला अशी ठेवलीय. आणि मखमलीचं वजन आता हिला पेलत नाही."

आजीने मनगटाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काम चांगलंच आहे गं. आमच्या घरचंच आहे. दाखवा ना जगाला! पण अब्रू झाकून दाखवा!"

"पण ही शाल काढावीच लागेल. कापडातून कीड लागते."

कीड म्हटल्यावर आजी नरमली. "काढ बाई. पण रीतीने. पुरुषांनी पाठ फिरवायची!"

पुरुषांनी पाठ फिरवली. पहारेकऱ्याने फिरवली, सहलीला आलेल्या कॉलेजच्या पोरांनी फिरवली, काही न कळता दोन कोरियन पाहुण्यांनीही फिरवली.

नेमके तेव्हाच दाजी आले.

"हे काय चाललंय?"

"श्श! पाठ फिरवा, दाजी!"

दाजी गर्रकन फिरले. समोर झग्याचं कपाट. त्यांचं नाक काचेला टेकलं. "एवढा मान?" ते कुजबुजले. "परदेशी लोकसुद्धा?"

"सगळेच."

"आणि तू गंजीफ्रॉकवर का?"

खरं सांगण्याचं धाडस कासियानोला झालं नाही. "मानासाठीच," तो म्हणाला.

दाजींनी तत्काळ आपला महागडा शर्ट उतरवला! ते पाहून एका कोरियन पाहुण्यानेही बटणांना हात घातला. पहारेकऱ्याने त्याला कसंबसं आवरलं.

"झालं," मागून आजीचा आवाज आला. तिने बारोंग कासियानोच्या खांद्यावर टाकला. "आता चला बाहेर. आपल्या घरच्या एकाही पुरुषाने मागे वळून बघायचं नाही!"

म्हणजे ज्या दाजींना दाखवायचं, त्यांनीच काही पाहिलं नाही! कासियानो चरफडत बारोंगची बटणं लावू लागला.

बाहेर पायऱ्यांवर दाजींनी उलटा शर्ट घालून थेट विनिपेगला बायकोला फोन लावला.

"अगं, आपल्या सांता मोनिकेचं दर्शन झालं! हो, आपल्या! काय ती मखमल, काय ती जर! आणि चेहरा? आत्ता बोलेल असं वाटतं! विनिपेगात आहे का असं काही? नाव नको!"

कासियानो इतकी वर्षं याच शब्दांची वाट बघत होता. पण प्रामाणिकपणा आड आला. "अहो दाजी, पण तुम्ही तर नुसता झगाच..."

आजीने त्याच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला.

"सांगू दे त्याला," ती समाधानाने पुटपुटली. "आज एका तरी पुरुषाने तिला कपड्यांत पाहिलं!"