आईसाहेबांच्या शहराजोगें शहर धुंडिलें त्याची हकीकत

श्रीगजवदन समर्थ. ऐकणारांचें चित्त स्थिर असो. लिहिणाराचें नाहीं, तें कां हें पुढें कळेल. शके १६७१ शुक्लनाम संवत्सरे, वैशाखमासीं, राज्यांत सर्व स्वस्थ असतां महाराजांच्या मातुश्री लाडूबाईसाहेब भोजनोत्तर बोलिल्या कीं, "आम्हांस नदीकांठच्या शहरास जाणें. पालखी सिद्ध करा." तें शहर मुलूखाच्या टोंकास. थोरले महाराज राज्य गमावून परागंदा जाहले तेव्हां उभयतांनीं तेथें दिवस काढिले, आणि आतांच्या, म्हणजे धाकट्या, महाराजांचा जन्म राज्य परत आल्यानंतरचा. बाईसाहेबांच्या तोंडीं सदा तेंच शहर, तेथील घाट, तेथील चिंचेखालचा बाजार, तेथील अंजीर. परंतु त्याच समयीं तेथें पटकीची सांथ उठली, आणि जासूद वेशीबाहेरून ऐकोन येऊन सांगता जाहला कीं, जाळावयास लांकूड उरलें नाहीं, मढीं मिळेल त्या जागीं पुरितात, आणि वेस आंत जाणारास उघडते, बाहेर येणारास नाहीं. हें ऐकोन महाराज बहुत घाबरे जाहले. नको म्हणावें तर बाईसाहेबांनीं अन्न टाकिलें. अहो, सत्तरीची बाई, दोन दिवस पाण्यावर! आम्हां सर्वांचा जीव टांगणीस लागला.

मग प्रधान गिरमाजीपंत, बहुत अक्कलवान, निदान त्यांचें स्वतःचें मत ऐसें, यांनीं तोड काढिली कीं, तें शहर नाहीं तर तैसेंच दुसरें दाखवावें, मन रमेल, तोंवर सांथ ओसरेल. महाराजांस मसलत पसंत पडली. चहूंकडे स्वार धाडिले, आणि बाईसाहेबांस विनंती केली कीं, आधीं इकडून जाऊं, मग तिकडे. त्या काय समजल्या न कळे, परंतु दोन घांस खाल्ले आणि निघाल्या, आणि महाराज स्वतः सोबत निघाले, आणि राहुट्यांची व्यवस्था मजकडे असल्यामुळें माझीही वरात मागें निघाली.

पहिलें शहर डोंगराखालचें. घाट तैसाच, पायऱ्या तैशाच. बाईसाहेबांनीं एक अंजीर चाखिलें आणि बोलिल्या, "गोड आहे. उद्यां निघूं." मग दुसरें शहर. तेथें चिंच होती, बाजार होता, नदी मात्र नव्हती. तेथील ठाणेदार रायाजीराव यांनीं हिकमत करोन कोरड्या ओढ्यांत रात्रंदिवस पखाली ओतविल्या आणि वर दोन होड्या सोडिल्या. स्वारी पोंचली तों पाणी जिरलें, होड्या चिखलांत कलंडल्या, आणि रायाजीराव घामाघूम होत्साते उभे. आम्हांस हंसूं आवरेना. बाईसाहेब मात्र इतकेंच बोलिल्या, "भिस्त्यांस जेवूं घाला, बिचारे दमले असतील." आणि मुक्कामास येतांच रोजच्याप्रमाणें जासुदास पुसिलें, "तिकडे आज किती गेले? कोणत्या अंगास पुरितात?" आम्ही म्हटलें, काय दयाळू बाई! आणि हात धुवोन जेवावयास बसलों.

मग तिसरें शहर. काय सांगावें! हुबेहूब तेंच. नदीचें वळण तेंच, घाट तोच, चिंच तीच, अंजीरवालीचा कर्कश गळादेखील तोच असावा. पंत मिशांवर ताव देऊं लागले. बाईसाहेब पालखींतून उतरल्या, घाटानें खालीं गेल्या, पुढें धोबीघाट, त्यापुढें निवडुंगाचें कुंपण, त्यापलीकडे उघडी जागा, तेथें जाऊन उभ्या राहिल्या आणि अकस्मात खालीं बसोन हातांनीं माती चांचपूं लागल्या. महाराज धांवले. "आईसाहेब, हें काय? सर्व तैसेंच आहे ना?"

"सर्व तैसेंच आहे रे," त्या बोलिल्या. "माझी उमाई मात्र येथें नाहीं."

"उमाई कोण?"

"तुझी बहीण. तुझ्या आधींची. दांत येत होते, ताप भरला, गेली. वैद्यास द्यावयास आम्हांपाशीं कांहीं नव्हतें. तुझ्या वडिलांनीं शपथ घातली कीं त्या दिवसांचें दुःख राज्यांत आणावयाचें नाहीं, म्हणोन बोलिल्यें नाहीं. आतां तेथें मढ्यांस जागा पुरेना. धोबीघाटापलीकडे पुरूं लागले ऐसें काल जासूद म्हणाला. माझें पोर उकरितील, बाबा."

महाराज शेजारीं मातींत बसले. "आम्हांस सांगावयाचें होतें!"

"कोणीं पुसिलें? जातें म्हटलें, तर तुम्ही मला घाट दाखवीत बसलां."

मग महाराज बोलिले, "आपण येथें रहावें, आम्ही जाऊन बहिणीस घेऊन येतों."

"तुला जागा काय ठाऊक? दगड नाहीं, खूण नाहीं. सांपडली तर मलाच सांपडेल."

मग महाराज उठिले. आम्ही पायां पडलों, पोटीं संतान नाहीं, गादीचा विचार करावा म्हणोन पंत रडले, परंतु त्यांनीं कुदळ मागविली आणि पालखी फिरविली. त्या सांथीच्या शहराच्या वेशीपाशीं पोंचतांच भोयांस पुढें येऊं दिलें नाहीं. कुदळ खांद्यास लाविली, आईस पाठीवर घेतलें आणि आंत गेले, आणि वेस लागली.

सारांश, तीन शहरें पाहिलीं, तिन्ही उत्तम. राज्याचे धनी महाराज आणि मातुश्री लाडूबाईसाहेब हे त्यांची थोरली राजकन्या उमाई इजकरितां चवथ्या शहरांत गेले. आम्ही बाहेर आहों. हांका मारितों, आंतून उत्तर येत नाहीं.