पद्माक्कांचं मौन आणि हिरव्या हवेलीतला खून

पर्युषणाच्या पहिल्या दिवशी जैन बस्तीत देवापुढं उभं राहून पद्माक्का मगदुमांनी दहा दिवसांचं मौन धरलं, ते काही निव्वळ भक्तीपोटी नव्हे. त्यांच्या आधी त्यांची जाऊ राजमती उठली होती आणि "दहा दिवस तूप सोडलं" असं सांगून इकडंतिकडं बघत ऐटीत खाली बसली होती. जावेनं तूप सोडल्यावर आपण ठरवल्याप्रमाणं नुसतं खोबरं सोडून काय शोभा राहणार? पद्माक्का तिरीमिरीत उठल्या आणि बोलून बसल्या. हातवारे चालतील, पण लिहून सांगणं म्हणजेही बोलणंच, असं पंडितांनी वर बजावलं.

त्यामागं त्यांचा एक अंदाजही होता. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या बोळात पुरुषांना कुस्त्या होत्या. महाराजांनी खासबागेचं नवं मैदान बांधल्यापासून तर त्यांना घर आठवत नसे. बायकांना पद्माक्का होत्या. लहानपणी मुलींच्या शाळेत चार यत्ता शिकलेल्या. मुंबईहून टपालानं येणाऱ्या गुप्तहेरी कादंबऱ्या त्या रोज दुपारी सोप्यात बसून मोठ्यानं वाचत आणि सात-आठ जणी हातात निवडणं घेऊन ऐकत. सध्या 'हिरव्या हवेलीतला खून' चालू होती. दुसऱ्या भागाच्या शेवटी गुप्तहेर माधवराव कंदील वर करतो, खुन्याचा चेहरा बघतो, "तुम्ही?" म्हणून दोन पावलं मागं सरतो आणि भाग संपतो. गेले दोन महिने बोळातल्या बायकांच्या डोळ्यांपुढं तो कंदील तसाच वर धरलेला होता.

तिसरा भाग भाद्रपदात येणार अशी जाहिरात होती. पण पहिला भाग पाडव्याला म्हणून वैशाखात आला होता आणि दुसरा ज्येष्ठ सांगून आषाढ लागल्यावर. तेव्हा भाद्रपद म्हणजे दसरा, असं पद्माक्कांनी मनाशी धरलं. दहा दिवस गप्प बसायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टाचा शिपाई दारात येऊन ओरडला, "मगदूम! मुंबैचं पुस्तक आलंय!"

त्या छापखान्यानं जन्मात पहिल्यांदा शब्द पाळला होता, आणि तोही नेमका आत्ता. पद्माक्का पुस्तक छातीशी धरून उंबऱ्यातच बसल्या.

दुपारी सगळ्याजणी धावत आल्या. सर्वांत पुढं धोंडुबाई. तिच्या घरी तीन म्हशी होत्या आणि तिचा आवाज दूध घालताना अख्ख्या पेठेला ऐकू जाई.

"वाच की गं अक्का! जीव टांगणीला लागलाय!"

पद्माक्कांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली.

"धा?" धोंडुबाईचे डोळे विस्फारले. "आगं बया! धा खून?"

"न्हाय वं," शेजारची बिबीजान म्हणाली. ती पिंजाऱ्याची बायको, शांत आणि समजुतीची. "अक्काचं मौन हाय धा दिस."

"मग मालकास्नी वाचाय सांगू. त्यास्नी कुठं मौन हाय?"

मालक म्हणजे बापूसो मगदूम, गुळाचे व्यापारी. जेवून आडवे झाले होते. असली पुस्तकं म्हणजे डोक्याला भुंगा, असं त्यांचं मत ते बावीस वर्षं सांगत आले होते. पण आठ बायकांपुढं कुणाचं काय चालणार? चष्मा लावून ते बसले आणि मुखपृष्ठापासून सुरू झाले. छापखान्याचा पत्ता वाचला, सर्व हक्क स्वाधीन असल्याचं वाचलं, केसांच्या तेलाची जाहिरात शेवटपर्यंत वाचली. मग एकदाची कादंबरी लागली. ती 'इकडे पुण्यात' अशी सुरू होत होती आणि कंदिलाचा कुठं पत्ताच नव्हता.

"अंधारातून एक थंडगार हात पुढे आला," बापूसोंनी सौद्यात गुळाच्या ढेपांची वजनं पुकारावीत तसं पुकारलं.

पद्माक्कांना ते सहन होईना. आपण असतो तर तो हात कसा हळूहळू पुढं आणला असता! दुसरं पान संपायच्या आत त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, लाकडी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि पुन्हा दहा बोटं दाखवली. त्यांनी मनातल्या मनातही ते वाचलं नसतं. ऐकणाऱ्यांच्या आधी पुढचं पान उलटायचं नाही, हा त्यांचा बस्तीत न घेतलेला नियम होता, आणि तो त्यांनी आजवर मोडला नव्हता. खुनी कोण ते सगळ्यांना एकाच क्षणी कळायचं. आठही जणींनी एकदम "आँ!" करायचं. वर्षाकाठी असे दोन-तीन क्षण त्यांच्या वाट्याला येत, आणि त्यांवर त्यांचं बाकीचं वर्ष चाले.

बायका हळहळत घरी गेल्या. पण कपाटाची दुसरी किल्ली बापूसोंच्या कनवटीला असते, हे पद्माक्कांच्या ध्यानात आलं नाही.

दोन दिवसांनी बोळात बातमी आली की बापूसो दुकानात गुळाच्या ढेपांमागं बसून काहीतरी वाचतात आणि गिऱ्हाईक आलं की दचकतात. पद्माक्कांनी कपाट उघडून बघितलं. पुस्तक जागेवर नव्हतं.

त्या दिवशी सूर्यास्ताच्या आधी बापूसो जेवायला बसले तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला होता, की लग्नातही तो तसा दिसला नव्हता.

"अगं, काय माणूस हाय त्यो माधवराव! लई बेरकी. आन् खून कुणी केला म्हायती हाय? आपल्याला वाटतंय—"

'सांगू नका' हे दोन शब्द पद्माक्कांच्या घशाशी आले आणि तिथंच अडकले. त्यांनी दोन्ही हातांनी कान दाबले. हातातली पळी ताटावर पडली, आमटी बापूसोंच्या धोतरावर उडाली. त्यांनी मान हलवली, हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं. बापूसोंचा घास हातातच राहिला. बायकोला हे इतकं जिव्हाळ्याचं आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं असावं. खुन्याचा विषय सोडून ते जेवले आणि धोतर बदलायला गेले. सकाळी पुस्तक कपाटात परत आलेलं होतं.

बिबीजाननं घरून मूठभर पिंजलेला कापूस आणून दिला. "घाला कानात, अक्का. कोन काय बोलंल, नेम न्हाय."

आणि तेच झालं. धोंडुबाई तडक दुकानात गेली, गूळ तोलायच्या काट्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "खुनी सांगितल्याबिगार उठायची न्हाय!" काट्याचं एक पारडं जमिनीला टेकलं, दुसरं वर लटकलं, आणि सगळा सौदा खोळंबला. बापूसोंनी अर्धा तास दम धरला. शेवटी त्यांनी तिला वाकून काहीतरी सांगितलं.

पद्माक्का जात्यावर बसल्या होत्या. जात्याची घरघर, वर कानात पिंजाऱ्याचा कापूस. पण धोंडुबाईच्या आवाजापुढं दोन्ही फिके पडले.

"अक्का! डॉक्टर! त्यो हवेलीतला डॉक्टर हाय खुनी! मालकांनी सोता सांगितलं!"

जातं थांबलं. दोन महिन्यांची वाट बघणं पिठासारखं भुरकन उडून गेलं. पद्माक्का उठून आत गेल्या आणि चुलीपाशी बसून रडल्या. आवाज न करता रडावं लागलं, म्हणून आणखीच रडू आलं.

पुढचे दिवस वाईट गेले. बोलता येत असतं तर भांडण अर्ध्या तासात मिटलं असतं. मौनातलं भांडण संपता संपेना. बापूसोंपुढं ताट येई ते आदळूनच येई. ते काही सांगायला तोंड उघडत, तोवर पद्माक्कांची पाठ वळलेली असे. तिकडं धोंडुबाईनं आपल्या खोकल्याचं औषध, डॉक्टरांचा भरवसा उरला नाही म्हणून, मागल्या दारच्या परड्यात ओतून दिलं. तिचं बघून आणखी तिघींनी ओतलं. पेठेतले डॉक्टर बिचारे बापूसोंना विचारत आले, "शेठ, माझं काही चुकलं का हो?" बापूसो कानापर्यंत लाल झाले.

पर्व संपलं. क्षमावणीच्या सकाळी बस्तीत सगळे एकमेकांची क्षमा मागत होते. राजमतीनं मागितली, पद्माक्कांनी मान डोलावून दिली. बापूसो पुढं आले आणि हात जोडून म्हणाले, "माझं चुकलं. क्षमा कर."

मौन सुटलं होतं. दहा दिवसांनी पद्माक्कांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "केली." पण तो शब्द कोरडा होता, आणि हे दोघांनाही कळलं.

दुपारी बायका जमल्या, पण पहिल्यासारखी घाई कुणाला नव्हती. "म्हाईतच हाय की आता," धोंडुबाई म्हणाली. "पर तू वाच. तुजा आवाज ऐकून लई दिस झालं." पद्माक्कांनी पुस्तक उघडलं. वाचायचं म्हणून वाचू लागल्या. इकडे पुण्यात झालं, थंडगार हात झाला. पाचव्या प्रकरणात माधवराव तळघराचं दार फोडून आत शिरला आणि पद्माक्कांचा आवाज अडखळला.

"'समोर...'" त्यांनी ओळ पुन्हा बघितली. "'समोर डॉक्टरांचाच मृतदेह पडला होता!'"

"आँ!" आठही जणी ओरडल्या.

"मेला डॉक्टर?" धोंडुबाई गुडघ्यांवर उठली. "मग मी औशिद का वतलं?"

त्यानंतर कुणी हललं नाही. पद्माक्कांचा आवाज कुठं चढला, कुठं कुजबुजला, थंडगार हात आणखी दोनदा हळूहळू पुढं आला. दिवेलागणीच्या सुमारास शेवटी एकदाचा तो कंदील पुन्हा वर झाला, खुन्याचं नाव आलं आणि बिबीजानच्या हातातलं सूप तांदळासकट खाली पडलं. खुनी कोण, ते इथं सांगणं बरं नव्हे. बापूसोंनीही ते सांगितलं नव्हतं.

ते दुकानातून परतले तेव्हा सगळ्या सोप्यातच होत्या.

"मालक!" धोंडुबाई कडाडली. "खोटं बोललासा व्हय माझ्यासंगं?"

बापूसोंनी पगडी उतरवली. "बोललो. काट्यावरनं उठंनास तू. खरं सांगितलं असतं तर जात्यापत्तुर पोचवलंच असतंस. मग हिच्यासाठी उरलं काय असतं?" त्यांनी पगडी खुंटीला अडकवली. "आन् त्या दिवशी बस्तीत प्रवचन कशावर हुतं, ठावं हाय? उत्तम सत्यावर. सकाळी क्षमा मागितली ती त्येचीच."

बावीस वर्षांत या माणसानं एक गोड शब्द बोलल्याचं पद्माक्कांना आठवत नव्हतं, आणि पर्वाच्या दिवसांत तो त्यांच्यासाठी देवाधर्माला घाबरत घाबरत खोटं बोलला होता.

"मला खुणेनं तरी सांगायचं," त्या हलकेच म्हणाल्या.

"तू बघत हुतीस कुठं माझ्याकडं?"

बायका हसत, सांडलेले तांदूळ गोळा करत उठल्या. पद्माक्कांनी पुस्तकाचं शेवटचं पान उलटलं. नव्या कादंबरीची जाहिरात होती, आणि तिचा शेवटचा भाग पुढल्या भाद्रपदात येणार होता.

"पुढल्या वर्षी मी तूप सोडणार," त्या म्हणाल्या.

"सोड," बापूसो म्हणाले. "मौन मी धरतो." आणि कनवटीची दुसरी किल्ली काढून त्यांनी पद्माक्कांच्या हातात ठेवली.