पंचवीस एप्रिलच्या आधीची ऊब

जेवणाच्या टेबलाशी तिघे बसले होते आणि कोणीच बोलत नव्हते. तोंड उघडले असते तर शब्दांच्या आधी वाफ बाहेर पडली असती, आणि ती दिसू नये म्हणून क्लाइव्ह आणि नोलीन हे यजमान जोडपे नाकाने, जपून, जणू चोरून श्वास घेत होते. पाहुणी ग्लेनिस पिसांच्या कोटात होती, कोटावर घोंगडी होती आणि मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी. खिडकीबाहेर दक्षिण गोलार्धातल्या होबार्टवर, हिवाळ्याच्या तोंडाशी आलेल्या एप्रिलची सोनेरी, निर्दय दुपार पसरली होती. गावामागच्या पर्वताच्या माथ्यावर रात्रीतून बर्फाची पांढरी रेघ उमटली होती. ती तिघांनीही पाहिली होती.

अखेर ग्लेनिसने भिंतीतल्या शेगडीकडे हनुवटीने खूण केली. "ही शोभेची आहे का रे, क्लाइव्ह?"

"छे! भारी शेगडी आहे. पेटली की पूर्ण घर तापतं."

"मग?"

"आज सतरा तारीख आहे," क्लाइव्ह म्हणाला. अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यातून त्याच्या दंडावरचा काटा स्पष्ट दिसत होता.

ग्लेनिस ही नोलीनची थोरली बहीण. चाळीस वर्षे तिने दूर उत्तरेच्या टाउन्सव्हिलच्या उकाड्यात काढली होती. नवरा गेल्यावर तिथे ती एकटी पडली होती. "इकडे ये, मागची खोली तुझीच," असे नोलीन तिला सहा वर्षे विनवत होती. यंदा कुठे ती आठवडाभर पाहून जायला तयार झाली, तेही बजावून: "झेपलं तर राहीन. नाही झेपलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." केव्हा यायचे ते क्लाइव्हने ठरवले. एकतीस वर्षांची त्याची हवामानाची वही होती. जानेवारीत पर्यटकांची गर्दी, फेब्रुवारीत जंगलातल्या वणव्यांचा धूर, मार्चमध्ये डोके उठवणारा वारा. एप्रिल मात्र निवांत, निवळ, पानगळीच्या तांबूस उजेडाने भरलेला. वहीतला शब्द न् शब्द खरा होता. फक्त ती सारी नोंद अंगणातली होती. घराच्या आत काय होते, हे लिहून ठेवण्याची गरज त्याला कधीच वाटली नव्हती.

कारण पंचवीस एप्रिलच्या आधी शेगडी पेटत नसे. त्या दिवशी, अँझॅक दिनाच्या पहाटे, युद्धात गेलेल्यांना वंदन करून घरी यायचे आणि मगच पहिली काडी ओढायची, हा गावचा रिवाज होता. कुंपणापलीकडे मर्विन राहत असे, एकटा, विधुर. रोज संध्याकाळी दोघे पुरुष गप्पांच्या निमित्ताने कुंपणाशी येत आणि एकमेकांची धुराडी न्याहाळून समाधानाने परतत. ग्लेनिसचे परतीचे विमान चोवीस तारखेला होते.

"एक दिवस पेटवली तर काय आभाळ कोसळेल?" स्वयंपाकघरात नोलीन कुजबुजली. "ती जाईल रे! कायमची जाईल."

"धूर दिसेल, नोलीन. मर्विनला काय तोंड दाखवू?"

"ओव्हनला धुराडं नसतं ना?"

त्या दुपारपासून नोलीन स्कोन, म्हणजे चहासोबतचे छोटे पाव, भाजू लागली. भाजून झाले की ओव्हनचे दार उघडे टाकायचे आणि तिघांनी खुर्च्या ओढून त्यापुढे बसायचे. ऊब ओसरली की पुढचा घाणा. नुसताच ओव्हन तापवावा, असे ग्लेनिसने सुचवले. पण क्लाइव्हच्या मते ती सरळ सरळ फसवणूक झाली असती. स्कोन हवेत म्हणून ओव्हन लागला, तर मात्र तो स्वयंपाक. तिसऱ्या दिवशी स्कोनांनी ओटा व्यापला, मग कपाट, मग इस्त्रीचा तक्ता. चर्चने दोन टोपल्या नेल्या. पोस्टमनने पहिल्या दिवशी आभार मानले, दुसऱ्या दिवशी पोट दाखवले आणि तिसऱ्या दिवशी पत्रे फाटकावरूनच आत फेकली.

"मर्विनला कोणी दिले का?" ग्लेनिसने विचारले. "आण इकडे, मी जाते. चालल्यानं रक्त तरी हलेल."

ती गेली. तास झाला, दोन झाले. नोलीनच्या मनात नाही नाही ते येऊ लागले. "विमानतळावरच गेली असेल. बॅग टाकून गेली बघ!"

क्लाइव्ह कुंपणाशी गेला आणि तिथेच खिळला. मर्विनच्या खिडकीत ग्लेनिस बिनबाह्यांच्या झग्यात बसून वर्तमानपत्राने वारा घेत होती. समोर मर्विन अनवाणी होता. मर्विनच्या भिंतीच्या कडेच्या हायड्रेंजियाच्या झुडपामागून काहीतरी घरघरत होते. कुंपण ओलांडून क्लाइव्हने फांद्या बाजूला सारल्या. आत घर उबदार ठेवणाऱ्या विजेच्या हीट पंपाची पेटी होती आणि तिच्यातून गार झोत येत होता. हे झुडूप एकाच अंगाने का करपते, हा प्रश्न त्याला नऊ वर्षे छळत होता. नऊ वर्षे वहीत त्याने दोष दक्षिण वाऱ्याला दिला होता.

"मर्विन!"

दार उघडले. उबेची एक मऊ लाट अंगणात उतरली. "ये ना गड्या. स्कोन मस्त झालेत."

"आणि आपला रिवाज?"

"रिवाज शेगडीचा. माझ्या धुराड्यातून धूर निघालेला पाहिलास कधी?"

क्लाइव्हने फांद्या पुन्हा पेटीवर ओढून घेतल्या. युक्तिवाद त्याच्याच ओव्हनातून निघालेला होता. एवढ्यात नोलीन धापा टाकत आली. "ग्लेनिस! जीव घेतलास माझा. चोवीसच्या विमानाचं काय करतेस, ते सांग एकदा."

"रद्द केलं. मघाशीच, मर्विनच्या फोनवरून," मर्विनच्या मागून पायरी उतरत ग्लेनिस म्हणाली. तिचे गाल गुलाबी झाले होते. "झेपेल मला हे गाव."

नोलीनने तिला घट्ट मिठी मारली. क्लाइव्हची छाती फुगली. "तरी मी म्हणतच होतो! एप्रिलसारखा महिना नाही."

"खरंय तुझं. एप्रिल छानच आहे."

"मग मी मागची खोली आवरायला घेते," डोळे पुसत नोलीन म्हणाली. "जाड पडदे लावू. तुझा पलंग शेगडीच्या भिंतीला लावते... येतेस ना गं?"

ग्लेनिसने बहिणीच्या गालावर थोपटले, मर्विनच्या घराची पायरी चढली आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून आतून दार लोटून घेतले.