काठावरचे सर

थंडी संपल्याचं मुद्रितशोधकाला त्याच्या थोरल्या बहिणीने कळवलं. कळवलं म्हणजे काय, तर तो पांघरुणात असतानाच तिने खर्रकन पडदे सारले, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि म्हणाली, "वसंत आलाय. ऊठ."

"येऊ दे की," तो उशीतूनच म्हणाला. "मी कुठे अडवलंय त्याला?"

ताई इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली होती. आपलं कुणी ऐकणार नाही, ही शक्यता तिने आयुष्यात कधी धरलीच नव्हती. भावाची बायको हिवाळ्याच्या तोंडावर गेली, तेव्हा ती पंधरा दिवसांसाठी म्हणून एक बॅग घेऊन आली होती. आता ती बॅग माळ्यावर गेली होती आणि ताई स्वयंपाकघरात. दोघंही घरात फार शहाण्यासारखी वागत. गेलेल्या बाईचं नाव कुणी काढत नसे. तिचं कपाट बंद होतं, आणि त्याच्यासमोरून जाताना दोघंही काहीतरी आठवल्यासारखं करून पावलं उचलत.

"पेपरात आलंय बघ," ताईने पुरवणी त्याच्या नाकासमोर धरली. "वसंताचं स्वागत असं करा. नवा छंद लावून घ्या, सहलीला जा, लहानसहान गोष्टींत आनंद शोधा."

"ते पान मीच तपासलंय," तो म्हणाला. "'आनंद'वरचा अनुस्वार राहिला होता. मी दिला."

छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधणं हा त्याचा धंदा होता. तो लेख लिहिणारा गृहस्थ महिनोन्महिने खुर्चीतून उठलेला नाही, हेही त्याला माहीत होतं. पण हे ताईला सांगून उपयोग नव्हता. छापलेल्या गोष्टीवर तिचा औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीइतका विश्वास होता.

आधी चित्रकला झाली. त्याने काढलेलं सफरचंद शिक्षिकेने बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मग ताईने त्याला बागेत फिरायला नेलं. झाडांच्या नावांच्या पाट्यांवर चुका होत्या. त्या तो पेन्सिलीने दुरुस्त करत बसला, आणि माळ्याने दोघांना फाटकाबाहेर आणून सोडलं. मग एक कुंडी आली. हे रोप मारू म्हटलं तरी मरत नाही, असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. मुद्रितशोधकाच्या टेबलावर ते आठवडाभर राहिलं आणि मान टाकून मोकळं झालं.

"आता दोनच गोष्टी उरल्यात," ताई म्हणाली. "गाणं नाहीतर पोहणं. गाण्याला मीही येईन तुझ्याबरोबर."

"पोहणं," तो तत्काळ म्हणाला.

त्यामागे कारण होतं. उभ्या आयुष्यात ताई कशाला भ्यायली असेल तर ती पाण्याला. ऑपरेशनच्या खोलीत ती कधी डगमगली नाही, पण बादलीपेक्षा खोल पाणी दिसलं की दोन पावलं मागे सरायची. तिथे ती येणार नाही, हे नक्की होतं.

पोहण्याचा तलाव एका जुन्या इमारतीत, छपराखाली होता. पहिल्या दिवशी तो पोहायची चड्डी घालून काठापर्यंत गेला. पाण्यात त्याला एक हडकुळा, पांढरट माणूस दिसला, आणि त्या माणसाला भिजवावं असं त्याला काही वाटेना. त्याने परत जाऊन कपडे चढवले आणि भिंतीलगतच्या बाकावर बसला. मागून गरम पाण्याचा नळ गेला होता, त्यामुळे पाठीला ऊब लागत होती. पाण्याचा, हाकांचा असा गलका चालला होता की कुणी कुणाला 'कसे आहात' म्हणून विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की आपण रडतो आहोत. त्याने घाबरून इकडेतिकडे पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. तिथे सगळ्यांचेच चेहरे ओले होते आणि सगळ्यांचेच डोळे लाल.

बायको गेल्यापासून त्याला इतकी सोयीची जागा मिळाली नव्हती.

"डोळे किती लाल झालेत रे," घरी आल्यावर ताई म्हणाली. "क्लोरीन फार घालतात का?"

"फार घालतात," तो म्हणाला.

तेव्हापासून तो नेमाने जाऊ लागला. तिथून निघताना चड्डी आणि टॉवेल नळाखाली धरून ओला करायचा, पिशवीत कोंबायचा आणि घरी आणून ताईच्या हातात द्यायचा. एकदा पिळता पिळता तिने टॉवेल हुंगला. "याला क्लोरीनचा वास कसा नाही?" दुसऱ्या दिवसापासून तो काठावर ओणवा होऊन टॉवेल तलावातच बुचकळू लागला. तिथले लोक त्याच्याकडे जरा बिचकून बघत, पण पैसे भरलेला माणूस, म्हणून कुणी काही बोललं नाही.

माणूस तरी किती वेळ रडणार? रडून झालं की उरलेला वेळ तो पोहणाऱ्यांकडे बघत बसे. आणि बघायला लागला की चुका दिसणारच; डोळ्याला सवयच तशी. कोपऱ्यावरचा बेकरीवाला रोज धापा टाकत हातपाय मारायचा आणि जागच्या जागी राहायचा. एक दिवस मुद्रितशोधक न राहवून पुटपुटला, "डोकं वर काढतो म्हणून पाय बुडतात."

बेकरीवाला नेमका काठाशी होता. त्याने ते ऐकलं, डोकं खाली घातलं आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आपटला. तो पहिल्यांदाच तिथवर पोचला होता.

"साहेब!" कपाळ चोळत तो तिथूनच ओरडला. "आणखी काही चुकतंय का?"

"डावा हात," मुद्रितशोधक म्हणाला.

इथून त्याच्या शांततेचं वाटोळं झालं. कुणी श्वासाबद्दल विचारायला येई, कुणी पायांबद्दल. लोक त्याला 'सर' म्हणू लागले. 'सर पूर्वी मोठे पोहणारे होते, काहीतरी दुःखद घडलं, तेव्हापासून पाण्यात उतरत नाहीत,' अशी एक हकिगतही आपोआप तयार झाली. ती निम्मी खरी असल्यामुळे त्याला खोडून काढता येईना. त्यातच तलावावरचे खरे मास्तर पडले. 'फरशी ओली आहे, जपून चाला' ही पाटी लावायला जाताना घसरले आणि त्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला.

व्यवस्थापक हात जोडून बाकापाशी आला. "सर, सकाळचा प्रौढ महिलांचा वर्ग तेवढा सांभाळा."

"अहो, पण मला पोहता—"

"नम्रपणा पुरे झाला. पाण्यात उतरायचं नाहीच आहे, बायका कमरेएवढ्या पाण्यातच असतात. काठावरून सांगायचं, बस." आणि त्याने त्याच्या गळ्यात शिट्टी अडकवली.

एक मात्र खरं, की वर्ग झकास चालला. बेकरीवाल्याची बायको तर दिसेल त्याला सांगत सुटली. पाव घ्यायला गेलेल्या ताईच्या कानावर ते आलंच. "तुमचे भाऊ म्हणजे काय शिकवतात हो! मुळात अंगातच असावं लागतं ते!"

पुढच्या वर्गाला मुद्रितशोधक शिट्टी घेऊन काठावर आला, तर बायकांच्या रांगेच्या टोकाला निळी टोपी घातलेली ताई उभी. कठड्याला धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती.

"तू इथे काय करतेस?" त्याने खाली वाकून, दबक्या आवाजात विचारलं.

"शिकायला आलेय. सगळ्या गावाला शिकवतोस, मग बहिणीनेच काय घोडं मारलंय?"

"अगं, तू पाण्याला भितेस ना!"

"भिते म्हणूनच आले. घरी बसून..." ती थांबली. "तू शिट्टी वाजव. माझ्याकडे बघू नकोस."

त्याने शिट्टी वाजवली. आता रडायची सोय गेली होती, आणि आपलं बिंग कोणत्या क्षणी फुटेल त्याचा नेम नव्हता. शिवाय, खरं सांगायचं तर, ताईच्या नाकातोंडात पाणी जाताना पाहून त्याचा जीव खालीवर होई. हाताखालच्या नर्सेसना जिने दरडावून उभं केलं, ती बाई तरंगायच्या फळीला पोरासारखी बिलगून बसायची. तो काठावरून म्हणत राही, "ताई, अंग सोड. पाणी धरतं. सोडून दे सगळं." आपण हे कोणत्या तोंडाने सांगतो आहोत, ते त्याचं त्याला कळत नव्हतं. आणि एके सकाळी तिने खरंच फळी सोडली आणि ती पाठीवर तरंगली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ती छताकडे बघत तशीच पडून राहिली. वर्ग संपला तरी उठेना.

त्यानंतर तिने मागे वळून पाहिलं नाही. हवा तापली तसं बेकरीवाल्याच्या बायकोने जाहीर केलं, की आता छपराखाली पुरे. सगळ्यांनी डबे घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर जायचं आणि धक्क्यावरून मधल्या तराफ्यापर्यंत पोहायचं. "पहिली उडी सरांची!"

सहलीच्या दिवशी ऊन नावालाच होतं. तळं शिशासारखं करडं दिसत होतं आणि वारा बोचत होता. मुद्रितशोधक कोट घालून, बूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून धक्क्याच्या टोकाला उभा राहिला. आधी तो म्हणाला, मी भरल्या पोटी उतरत नाही. मग म्हणाला, शिकवणाऱ्याने कोरडं राहायचं असा नियमच आहे. बायका कौतुकाने हसल्या. पण ताई हसली नाही. "मी जाते पुढे," म्हणाली आणि पाण्यात शिरली.

ती सरळ, संथ, एकही चूक न करता निघाली. अर्ध्या वाटेवर मात्र थांबली. हात हलेनासे झाले, मान मागे गेली. त्याने शिट्टी फुंकली. ती हलली नाही. "ताई!" त्याने हाक मारली. तरीही नाही. अशीच एक हाक त्याने हिवाळ्याच्या तोंडावर, पलंगाशी उभं राहून मारली होती. तिलाही उत्तर आलं नव्हतं. त्याने मग कोटाचा, बुटांचा कसलाच विचार केला नाही. त्याने उडी मारली.

पाणी गार असणार हे त्याला ठाऊक होतं. ते इतकं सगळीकडून असेल, हे ठाऊक नव्हतं. डोकं खाली, श्वास बाजूने, पाय सैल. सगळी वाक्यं त्याला पाठ होती आणि त्यांत चूक एकही नव्हती. फक्त शरीर मजकुराप्रमाणे चालत नव्हतं. बुटांनी त्याला खाली नेलं. करड्याचं हिरवं झालं, हिरव्याचं काळं होऊ लागलं, आणि तेवढ्यात त्याची कॉलर कुणीतरी गच्च पकडली.

"हलू नकोस!" वर येताच ताईचा आवाज कानात घुमला. "मेल्यासारखा पड!"

ते मात्र त्याला लगेच जमलं.

तिने त्याला धक्क्यापर्यंत ओढत आणलं. बायकांनी वर घेतलं. ताईने त्याला पालथा पाडून पाठीवर असे रट्टे घातले, की पाण्याबरोबर सकाळचा चहाही बाहेर आला. मग ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. टोपीतून पाणी गळत होतं.

"तुला पोहता येत नाही," ती म्हणाली.

"नाही."

"कधीच येत नव्हतं?"

"कधीच नाही. तू बुडत होतीस ना?"

"मी तरंगत होते! आभाळ बघत. तूच शिकवलंस ना!" तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "मग इतके दिवस तिथे जाऊन करत काय होतास तू?"

बायका बघत होत्या. त्याचे दात वाजत होते. खोटं बोलण्याएवढी ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"रडत होतो," तो म्हणाला.

बेकरीवाल्याची बायको डब्यांकडे वळली. बाकीच्यांनाही तिकडेच काहीतरी काम निघालं.

"अरे, मग घरी रडायचंस की."

"घरी तू असतेस. तुला वाटतं, मी बरा व्हावा."

पदराने चष्मा पुसावा तसं ताईने टॉवेलाने तोंड पुसलं, पण ते पुन्हा ओलं झालं.

"मी वाट बघायचे तू जायची," ती म्हणाली. "तू गेलास की दाराला कडी लावायचे. तिच्या कपाटासमोर बसायचे. तू यायच्या आत तोंड धुऊन कांदा चिरायला घ्यायचे."

"रोज कांदा कसा काय, असं मला वाटायचं खरं."

"तुला काय वाटलं, ती फक्त तुझीच होती? आठवड्याला फोन करायची मला. तू घोरतोस ते सांगायची." तिने नाक ओढलं. "तुझा वर्ग सुरू झाला आणि तू घरी मुळीच रडवेला दिसेनास. मला वाटलं, हा सावरला. मग मी एकटीच मागे राहिले की काय, म्हणून आले मी पाण्यात."

तेवढ्यात बेकरीवाल्याची बायको चाचरत पुढे आली. "सर, मंगळवारी वर्ग आहे ना?"

"बाई, मला पोहता येत नाही," मुद्रितशोधक म्हणाला. "आत्ताच पाहिलंत ना तुम्ही."

"ते पाहिलं हो. पण आम्हाला येतं ना आता," ती म्हणाली. तिच्या मते विषय तिथेच संपला होता.

दोघं बसने घरी परतली. त्याच्या बुटांचा पचपच आवाज जिन्यावर शेवटपर्यंत ऐकू आला. ताईने त्याला कोरडे कपडे दिले, चहा ठेवला, आणि विळी न घेता, कांदा न काढता टेबलाशी येऊन बसली. बाहेर अजून उजेड होता. समोरासमोर बसल्यावर दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. आजवर हे काम जो तो आपापलं उरकत आला होता.

"मग?" ताईने विचारलं. "आधी तू की मी?"

त्याने थोडा विचार केला.

"तू थोरली आहेस," तो म्हणाला. "तू सुरू कर."